वजासर

वजासरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गौरव अंक काढायचं ठरवलंय. मलाही निरोप आला, "तू तर सरांच्याच विषयात नाव काढलंस, चार चांगले शब्द लिहून पाठव." मी चार दिवस शोधले. तीन सापडले. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल.

त्यांच्या पटाशीला जी धार असायची, तशी मला आजही लावता येत नाही. ते एकही दिवस उशिरा आले नाहीत. आणि त्यांच्या सबंध नोकरीत कार्यशाळेत कोणाचं बोट गेलं नाही. झालं. आता जे लिहिणार आहे ते अंकात छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण लेखणी हातात घेतलीच आहे तर होऊन जाऊ दे.

मी सुतारकाम करते. लोकांची स्वयंपाकघरं, दुकानांची फडताळं, एकदा एका दवाखान्याची सगळी कपाटं. गिऱ्हाईक खण ओढून बघतं, खण आवाज न करता आत जातो, मग ते विचारतं, "शिकलात कुठे?" मी तंत्रसंस्थेचं नाव सांगते. शाळेचं सांगत नाही. ज्या माणसामुळे माझी संस्था हुकतच होती, त्याला फुकटचं श्रेय देण्याइतकी मी उदार नाही. आणि इथे मी त्यांना "ते" म्हणतेय तेसुद्धा लिहायची रीत म्हणून. पाठीमागे आम्ही सगळे "तो"च म्हणायचो.

आमची कार्यशाळा शाळेच्या मागच्या अंगाला, सायकलींच्या शेडला लागून होती. लांबट खोली, उंचावर खिडक्या, खाली भुसा. पंधरा बाकं आणि प्रत्येक बाकाला दोन शेगडे, म्हणजे लाकूड घट्ट धरून ठेवणारे लोखंडी जबडे. प्रत्येक शेगड्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. सरांनी आयुष्यात कोणा विद्यार्थ्याचं नाव पाठ केलं नाही. ज्या शेगड्यापाशी उभे राहाल, तो आकडा तुमचं नाव. मी नऊ होते. तीन वर्षं नऊच होते. एकदा बाजारात भेटले, तेव्हा माझ्या बाबांना म्हणाले, "तुम्ही नऊचे वडील ना?" आणि बाबा बिचारे "हो हो" म्हणाले.

सर अंगानं काटकुळे. खाकी डगला गळ्यापर्यंत बटणं लावून. कानावर पेन्सिल, तीही सुतारी, पटाशीसारखी चपटी तासलेली. आवाज कधी चढवायचे नाहीत. जे काही बोलायचं ते हळू बोलायचे, म्हणजे सगळा वर्ग कान टवकारून ऐकायचा. "हे स्टूल आहे की रुसून बसलेली म्हैस?" "तुमच्या हातांना डोक्याचा पत्ता कोणी दिलेला दिसत नाही." मुलींना खास वेगळं. पहिल्याच दिवशी माझ्या हातातल्या रंध्याकडे बघून म्हणाले, "नऊ, लाटणं नाही ते." सगळी पोरं हसली. मीही हसले, याचा राग मला अजून आहे.

दाराशेजारी एक फळी होती. ज्याचं काम बिघडेल त्याची वस्तू त्या फळीवर जायची, शेगड्याच्या आकड्यासकट. सर तिला "प्रदर्शन" म्हणायचे, आम्ही "लाजेची फळी". पालकसभेला येणारा प्रत्येक आईबाप तिच्यासमोरून जायचा. वस्तू तिथून कधी उतरवायची ते सरच ठरवायचे.

आता त्यांचं नाव वजासर कसं पडलं ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आमच्याकडे तीस सेंटीमीटरच्या पोलादी पट्ट्या होत्या. माझ्या आधीच्या कितीतरी तुकड्यांनी त्यांनी रंगाचे डबे उघडले होते, स्क्रू फिरवले होते, एकमेकांच्या पाठी खाजवल्या होत्या. सगळ्यांची टोकं झिजून गोल झालेली. पहिल्या आठ-नऊ मिलिमीटरच्या रेघा नावालाही उरल्या नव्हत्या. म्हणून सरांनी नियम केला होता. वस्तूच्या कडेला शून्य लावायचं नाही, दहाची रेघ लावायची. जो आकडा येईल त्यातून दहा वजा करायचे. "दहा लाव, दहा काढ." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की कोणी किती वाजले विचारलं तरी आमच्या तोंडून दहा वजा होऊन उत्तर यायचं. कोणी विसरला तर पट्टी आडवी धरून बोटांच्या पेरांवर. ज्या टोकाला माप नव्हतं, ते टोक त्यांना मारायला बरोबर सापडायचं.

खोक्याच्या किंवा खणाच्या आतलं माप घ्यायचं झालं तर मोठीच पंचाईत. आत दहाची रेघ भिंतीला लावणार कशी? त्यावर सरांनी तोड काढली होती. एक बारीक काडी कापायची, आत घट्ट बसेल इतकी तासायची, मग ती बाहेर काढून पट्टीवर ठेवायची. दहा लाव, दहा काढ. माप अचूक यायचं, हेही खोटं बोलणार नाही.

आता कोणी विचारेल, शाळेला नव्या पट्ट्या घेता येत नव्हत्या का? घेतल्या होत्या. चांगल्या तीस. मागच्या भिंतीशी लोखंडी कपाट होतं, त्यात तेलकट कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या वर्षातून एक दिवस बाहेर यायच्या, तपासणीच्या दिवशी. आदल्या दिवशी आम्हीच त्यांचं तेल पुसायचो. प्रत्येक शेगड्यापाशी एक नवी पट्टी मांडायची, जुन्या पट्ट्या पोत्यात घालून बाकाखाली. तपासनीस येईपर्यंत आम्ही हात मागे बांधून उभे. "बोट लावाल तर बोट राहणार नाही," सर हळूच सांगायचे. तपासनीस यादी बघायचा, पट्ट्या बघायचा, सर "वापरात आहेत" म्हणून सही करायचे. गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा तेल, पुन्हा कागद, पुन्हा कुलूप.

शाळेचा शिपाई सांगायचा की फार पूर्वी, सर नवे असताना, कार्यशाळेतला एक चांगला रंधा हरवला आणि तो त्यांच्याकडून भरून घेतला गेला. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. असेल. माणसाला एकदा चटका बसला म्हणून त्यानं तीस पोरांना आयुष्यभर थंड चुलीवर बसवायचं का?

मी नववीत गेले तेव्हा विषयाचं नाव बदललं. आधी नुसतं "हस्तोद्योग" होतं, त्याचं "डिझाइन आणि तंत्रज्ञान" झालं. नवं पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं की वस्तू करण्याआधी विचारा, ती वापरणारा कोण, त्याची अडचण काय, मग कागदावर तीन-चार कल्पना काढा, त्यांतली एक निवडा, करून बघा, चुकलं तर का चुकलं ते लिहा. मला ते पुस्तक फार आवडलं. पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारत होतं की तुला काय वाटतं. सरांनी पुस्तक दोन बोटांत धरून दाखवलं आणि म्हणाले, "वापरणारा कोण! ‘कोण’ सोडा, ‘कोन’ बघा." विनोद चांगला होता. पुढची दोन वर्षं दर आठवड्याला ऐकल्यावर राहिला नाही.

मी पुस्तकाप्रमाणे केलं. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरात पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवायची. तिच्या मशिनजवळच्या भिंतीवर दोऱ्याच्या रिळांची फळी होती, सरळ खुंट्यांची. मशीन धडधडलं की रिळं घरंगळून खाली. आत्या दिवसातून वीस वेळा वाकायची आणि वीस वेळा रिळांच्या आईचा उद्धार करायची. मी चार दिवस तिच्याजवळ बसून मोजलं, चित्रं काढली, आणि खुंट्या वर कलत्या बसवलेली फळी केली. छान झाली होती. मला स्वतःलाच आवडली होती.

सरांनी तिच्यावर गुण्या ठेवला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. खुंट्या काटकोनात नव्हत्या, हे उघडच होतं. मी सांगायला लागले की सर, मुद्दाम कलत्या ठेवल्यात, मशीन हलतं तेव्हा. ते म्हणाले, "नऊ, वाकड्याला मुद्दाम म्हटलं की सरळ होतं का?" आणि लाकडी हातोडीनं सगळ्या खुंट्या एकेक करून पाडल्या. अठरा होत्या. फळी गेली प्रदर्शनात. पालकसभेला बाबांऐवजी आत्या आली. भोकं पडलेल्या त्या फळीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं भोकात करंगळी घालून बघितली, बोट तिरकं आत गेलं, आणि ती मला म्हणाली, "बरोबर केलं होतंस की गं." सर मागेच उभे होते. आत्यानं वळून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती निघाली. पण आमची आत्या वचपा काढल्यावाचून राहणारी बाई नव्हे.

मग दहावीची परीक्षा आली. तंत्र विषयाचं प्रात्यक्षिक दुसऱ्या गावातल्या तंत्रसंस्थेत असायचं आणि त्याच्या गुणांवर त्याच संस्थेत प्रवेश मिळायचा. आमच्या शाळेतून आम्ही सात जण बसलो होतो, चार मुलगे आणि तीन मुली. घरी बाबांनी सरळ सांगितलं होतं, "नंबर लागला तर शीक. नाही लागला तर आत्याचं दुकान आहेच, काजं करायला बस." काजं करणं वाईट नाही. पण मी काजं करायला बसले असते तर आज वेडी झाले असते.

संस्थेची कार्यशाळा आम्ही बघतच राहिलो. प्रत्येकापुढे स्वच्छ बाक, धार लावलेली हत्यारं, आणि नवी कोरी पोलादी पट्टी. वापरायला. मी ती हातात घेतली. शून्याची रेघ टोकाला बरोबर लागून, टोक चौकोनी. मला हसूच आलं. काम असं होतं की झाकण नसलेलं एक लाकडी खोकं दिलेलं, त्याच्या आत घट्ट बसेल अशी मधली फळी करायची. आधी माप घ्या, मग आराखडा काढा, मग कापा. लाकडाचा एकच तुकडा, जादा मिळणार नाही.

काडी करायला लाकूड नव्हतं. आणि गरजही नव्हती. पट्टी खोक्यावर आडवी धरली, टोक आतून एका भिंतीला टेकवलं, समोरच्या भिंतीच्या काठावर आकडा वाचला. दोनशे चाळीस. आणि मी आराखड्यावर लिहिलं, दोनशे तीस.

लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. तीन वर्षं प्रत्येक आकड्यातून दहा काढले होते, याही आकड्यातून काढले. पट्टी शून्यापासून लागली आहे हे डोळ्यांना दिसत होतं, ते डोक्यापर्यंत पोचलंच नाही. पुढे सगळं निगुतीनं केलं. रेघ सरळ, कड गुळगुळीत, कोन असा की गुण्याखालून उजेडाचा किरण जाऊ नये. फळी खोक्यात घातली तर ती आत खुळखुळली. मी ती काढली, पुन्हा घातली. पुन्हा खुळखुळली. मग माझ्या मागच्या बाकावरून तोच आवाज आला. मग डावीकडून. आमच्या सातही जणांची खोकी खुळखुळत होती.

परीक्षकानं साती फळ्या एका ओळीत मांडल्या. सगळ्यांची लांबी दहा मिलिमीटरनं कमी. बरोबर दहा, साडेनऊ नाही की अकरा नाही. बाकी शाळांच्या मुलांचं काही ना काही चुकलं होतं, पण प्रत्येकाचं वेगळं. परीक्षक म्हणाला, "सात डोकी एकच चूक करत नाहीत. एकानं मोजलं आणि सहा जणांनी उतरवलं." आठवड्यानं घरी पत्र आलं. सामूहिक नक्कल केल्याचा संशय, पालकांसह चौकशीला हजर राहावं, दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षं कोणत्याही परीक्षेला बसता येणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बाबा कचेरीचा कागद बघितला की आधी पाणी मागायचे. पाणी पिऊन ते म्हणाले, "ताई, तूच जा हिच्याबरोबर." मी कोपऱ्यात बसून रडत होते. आत्यानं विचारलं, "किती कमी होती फळी?"

"दहा."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. बरोबर दहा."

आत्यानं गळ्यातली टेप काढून माझ्या मांडीवर टाकली. तिचं टोक तुटलेलं होतं, पहिला इंच नुसता पांढरा. "ही बघ. मी एकापासून मोजते. मागं नवी टेप आणली तर डॉक्टरीणबाईंच्या बाह्या इंचभर आखूड झाल्या. आठवतं? शिव्या खाल्ल्या मी." मग म्हणाली, "ही चूक नव्हे पोरी, ही सवय आहे. ज्यानं लावली त्यानं येऊन सांगितलं की झालं."

इतकं सोपं होतं. सरांनी येऊन फक्त एवढंच सांगायचं होतं की आमच्या पट्ट्यांची टोकं गेलीत, मी मुलांना दहापासून मोजायला शिकवतो. आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. घर कार्यशाळेसारखंच. भिंतीवर प्रत्येक वस्तूला खिळा आणि खिळ्याभोवती त्या वस्तूची पेन्सिलनं काढलेली बाह्यरेषा, कात्रीची, किल्ल्यांची, अगदी झाडूचीसुद्धा. सरांच्या बायकोनं पाणी दिलं. आत्यानं सगळं नीट सांगितलं, हात जोडून सांगितलं. सर ऐकत होते आणि अंगठ्यानं खुर्चीच्या हाताची कड तपासत होते.

"मग नव्या पट्ट्यांचं काय विचारतील," ते म्हणाले.

"विचारू देत की. सांगा, कपाटात आहेत."

"वापरात आहेत म्हणून सही आहे माझी. बारा वर्षांची."

"सात पोरांची दोन वर्षं जातील, सर."

"मी बघतो काय सांगायचं ते," सर म्हणाले आणि उठले. त्यांची बायको आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि चपला घालताना हळूच म्हणाली, "ह्यांच्याकडे काहीही मागा हो, सहीचं तेवढं काढू नका." तरीही मला वाटलं की ते खरं बोलतील. सोळा वर्षांची होते मी. ज्या माणसानं अर्ध्या मिलिमीटरसाठी आमच्या वस्तू फोडल्या, तो दहा मिलिमीटरचं खोटं कसा बोलेल, असं मला वाटत होतं.

चौकशी परीक्षा मंडळाच्या कचेरीत होती, दुसऱ्या मजल्यावर. एकेकाला आत बोलवत होते. आमचा नंबर शेवटचा. आत लांब टेबल, पलीकडे अधिकारी बाई, चष्मा दोरीनं गळ्यात. बाजूला परीक्षक, त्याच्यापुढे आमच्या साती फळ्या आणि परीक्षेतली एक पट्टी पुरावा म्हणून ठेवलेली. खुर्चीत वजासर. डगला नव्हता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

मी सगळं सांगितलं. दहा लाव, दहा काढ. काडी. झिजलेली टोकं. अधिकारी बाईंनी उसासा टाकला. "सहा जणांनी हेच सांगितलं, शब्दाला शब्द. चूक एक, हकिगतही एक. पाठ करून आलात ना?" मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सर, पट्ट्या झिजलेल्या आहेत का तुमच्या?"

"तीस नव्या पट्ट्या आहेत," सर म्हणाले. "दर वर्षी तपासणी होते. यादी बघा."

"आणि मोजायला कसं शिकवता?"

"शून्यापासून," सर म्हणाले. हळू, नेहमीसारखं. "दुसरं कसं शिकवणार? मुलं काय, अंगाशी आलं की मास्तरावर ढकलतात."

मी त्यांच्याकडे बघत होते, ते फळ्यांकडे बघत होते. राग वगैरे नंतर आला. आधी मला फक्त लाज वाटली, त्यांची.

अधिकारी बाईंनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "बाई, लिहिण्याआधी एक कराल? त्यांना एक माप घ्यायला सांगा. ह्या तुमच्या टेबलाचा खण आहे ना, त्याची आतली लांबी."

"त्यानं काय होणार?"

"काही नाही झालं तर मी माफी मागून जाते. मी शिंपीण आहे. तोंडाचं मला कळत नाही, हाताचं कळतं."

सर हसले. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, आणि कोणीही जबरदस्ती केली नसती. पण एका शिंपिणीनं, तेही नऊच्या आत्यानं, त्यांना माप घ्यायला सांगावं! "पंचवीस वर्षं मापंच घेतोय," असं म्हणत त्यांनी परीक्षकापुढची पट्टी उचलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

त्यांनी खण ओढला, आतले कागद बाजूला केले. पट्टी आडवी धरून तिचं टोक आतून टेकवलं. वर्गाला दाखवावं तसं आम्हाला दाखवत म्हणाले, "हे शून्य. भिंतीला टेकलं. बघून घ्या." मग वाकून पलीकडच्या काठावरचा आकडा वाचला आणि सरळ उभे राहत म्हणाले, "दोनशे ऐंशी."

अधिकारी बाई खुर्चीतून उठल्या. चष्मा लावून खणात वाकल्या. पट्टी सरांनी तशीच धरून ठेवली होती. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"दोनशे ऐंशी," सर म्हणाले.

परीक्षक आला. त्यानंही वाकून बघितलं. "नव्वद आहे हो. दोनशे नव्वद."

"तिरकं बघताय तुम्ही," सर म्हणाले आणि तिसऱ्यांदा वाकले. या वेळी त्यांनी आकड्यावर नख ठेवलं. त्यांचे ओठ हलताना मला दिसले, आवाज न करता. दोनशे नव्वद, आणि त्यापुढे जे आम्ही सातही जण झोपेतसुद्धा म्हणायचो ते. मग ओठ थांबले. ते वाकलेलेच राहिले. आत्यानं फक्त पदर सावरला.

मला आनंद झाला. दया-बिया काही आली नाही, आणि इतक्या वर्षांनी आली असं खोटं कशाला लिहू? सुंभ जळेल पण पीळ जात नाही, आणि तो पीळ तिथे सगळ्यांना दिसला याचा मला धडधडून आनंद झाला.

आम्हाला बाहेर थांबवलं. अर्ध्या तासानं शिपाई कागद घेऊन आला. नक्कल नाही असा निर्णय झाला होता. पण फळी कमी ती कमीच, त्याचे गुण जाणार होते. माझं नाव पुढे प्रतीक्षा यादीत लागलं आणि कोणीतरी जागा सोडली म्हणून ऑगस्टमध्ये आत गेले. उरलेल्या सहांपैकी एकालाच जागा मिळाली. सरांना एक ताकीद मिळाली आणि पुढची सात वर्षं ते त्याच कार्यशाळेत शिकवत राहिले. म्हणूनच तर आता गौरव अंक निघतोय.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कागद हातात आल्यावर आम्ही जिन्याकडे निघालो तेव्हा सर खोलीतून बाहेर आले. सरळ माझ्याकडे आले. आत्या पुढे सरसावली, पण मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता म्हणतील. "चुकलं" नाही म्हणाले तरी चालेल, नुसतं नाव विचारलं तरी चालेल. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज तोच, हळू, कान द्यायला लावणारा.

"नऊ," ते म्हणाले, "आतलं माप होतं. काडी का नाही घातलीस?"

तीन वर्षांत मी त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. दिलं तेव्हा ते उलटही नव्हतं, खरं होतं तेवढंच होतं.

"तिथली पट्टी चांगली होती, सर."